बंद कारखान्याच्या जागेवर शहर उद्यान: आराखडा कसा ठरतो आणि आपण केव्हा बोलावे

हा लेख कोणासाठी आहे

आपल्या वस्तीलगत बंद पडलेली कापड गिरणी, चामड्याचा कारखाना, लोखंडाची भट्टी किंवा जुना गॅस कारखाना आहे, आणि तेथे मोठे उद्यान होणार असे आपल्या कानावर आले आहे. आपण त्या भिंतीला लागून राहत असाल, फाटकाशी हातगाडी लावत असाल, त्याच कारखान्यात नोकरी केलेली असेल किंवा उद्यानाच्या कामावर मजुरीला जाणार असाल. अशा वेळी ही माहिती आपल्या उपयोगाची आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. अशा उद्यानाचे महत्त्वाचे निर्णय पहिले झाड लावण्याच्या बरेच आधी होतात. जमिनीचा किती भाग खुला राहणार, मातीत काय मुरले आहे, झाडांना पाणी कोठून येणार, आणि आज तेथे कोण राहते व कोण पोट भरते याची नोंद झाली आहे की नाही, हे सगळे कागदावर ठरून गेल्यावर भूमिपूजनाचा फलक लागतो. बहुतेक रहिवाशांना प्रकल्प कळतो तो फलक पाहून. तोपर्यंत हरकतीची मुदत सहसा संपलेली असते.

शब्दांविषयी थोडेसे. इंग्रजी मसुद्यात अशा जागेला ‘ब्राउनफील्ड’ म्हणतात. काही मराठी परिपत्रकांत त्यासाठी ‘पडीक जमीन’ असे छापलेले दिसते, पण ते बरोबर नाही. पडीक म्हणजे पेरणीविना पडून असलेली. या जागेवर काही दशके काम झालेले असते आणि त्या कामाचे अवशेष मातीत असतात. म्हणून येथे ‘जुनी औद्योगिक जमीन’ असा शब्द वापरला आहे.

जमिनीचा हिस्सा: मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण

कारखाना बंद पडला की त्याची जमीन आपोआप सार्वजनिक होत नाही. तिचा मालक असतो, बँकांचे कर्ज असते, कामगारांची थकलेली देणी असतात. त्यामुळे उद्यानासाठी किती जागा मिळेल हे विकास नियंत्रण नियमावलीत काय लिहिले आहे यावर ठरते, आणि त्या नियमातील एखाद्या शब्दाने फार मोठा फरक पडू शकतो.

मुंबईत गिरणगावातील कापड गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी ठरवली: एक भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक भाग म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवले की प्रत्येक गिरणीचा तुकडा वेगळा न काढता मोकळ्या जागा एकत्र जोडाव्यात, म्हणजे सलग मोठी उद्याने होतील.

तसे झाले नाही. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न धरता, ज्या जागेवर आधीपासून बांधकाम नाही तेवढ्याच जागेची धरायची, असे ठरले. गिरणीच्या आवारात बहुतेक जागा शेड, गोदामे आणि चाळींनी व्यापलेली असते. त्यामुळे महापालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्याला येणारी जमीन खूपच कमी झाली. प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये मोकळ्या जागेच्या बाजूने निकाल दिला, तर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये २००१ चा बदल वैध ठरवला. गिरणगावात आज मॉल आणि मनोरे दिसतात, सलग मोठे उद्यान दिसत नाही, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

आपल्या शहरात यातून काय पाहावे? ‘खुली जागा’ कशाच्या प्रमाणात मोजली आहे ते विचारावे. एकूण भूखंडाच्या की रिकाम्या भागाच्या? ती एकत्र आहे की इमारतींच्या मधल्या पट्ट्यांची बेरीज आहे? नियमात किंवा विकास आराखड्यात बदल करायचा असेल तर जाहिरात देऊन हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मुदत जाहिरातीतच छापलेली असते आणि ती अनेकदा ३० दिवसांची असते. हरकत साध्या कागदावर, आपल्या भाषेत, पोच घेऊन देता येते.

कामगारांची देणी आणि उद्यान यांत एक ताण आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. देणी बहुधा जमिनीच्या व्यवहारातूनच फेडली जातात, म्हणजे जेवढी जमीन हिरवी राहील तेवढी विकायला कमी. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तेथील कामगारांच्या सुमारे २२४ कोटी रुपयांच्या देण्यांचा मार्ग डिसेंबर २०२३ मध्ये मोकळा झाला. ३२ वर्षांत कित्येक कामगार हयात राहिले नाहीत, दावा वारसांनी सांगितला. म्हणून आपण किंवा आपले वडील, आजोबा गिरणीत असतील तर हजेरी कार्ड, तिकीट क्रमांक, भविष्य निर्वाह निधीची पावती, पगारपत्रक यांतले जे काही घरात असेल ते जपून ठेवावे आणि वारस नोंद वेळेत करून घ्यावी. उद्यान आणि देणी यांपैकी एकच मिळेल असे कोणी सांगितल्यास ते लेखी मागावे.

पैसा कोणत्या योजनेतून येतो

केवळ उद्यानासाठी वेगळी मोठी केंद्रीय योजना नाही. ‘अमृत’ योजना २५ जून २०१५ रोजी ५०० शहरांसाठी सुरू झाली, त्या वेळी वार्षिक कृती आराखड्याच्या २.५ टक्क्यांपर्यंत रक्कम उद्याने व हरित जागांवर खर्च करता येत होती आणि मुलांसाठीच्या सोयींवर विशेष भर होता. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘अमृत २.०’ सुरू झाली. तिचा मुख्य विषय पाणी आहे, पण जलाशयांचे पुनरुज्जीवन आणि हरित जागा हेही तिचे भाग आहेत, आणि ती सर्व वैधानिक शहरांना लागू आहे. १० लाखांपेक्षा अधिक लोकसंख्येच्या शहरांत केंद्राचा वाटा २५ टक्के, १ ते १० लाखांच्या शहरांत एक तृतीयांश आणि १ लाखाखालील शहरांत ५० टक्के, असे साधारण सूत्र आहे. ईशान्येकडील व डोंगराळ राज्यांत तो ९० टक्के असतो.

पर्यावरण मंत्रालयाची ‘नगर वन योजना’ २०२० पासून आहे. १० ते ५० हेक्टर जागेवर नगर वन आणि १ ते १० हेक्टरवर नगर वाटिका, असे तिचे स्वरूप आहे आणि हेक्टरी ४ लाख रुपये मिळतात. साध्या ओसाड जागेला ही रक्कम पुरू शकते. दूषित माती साफ करायला ती अजिबात पुरणार नाही. जुन्या कचरा डेपोसाठी ‘स्वच्छ भारत मिशन – शहरी २.०’ मधून निधी मिळतो, पण कचरा डेपो आणि कारखान्याची जमीन हे दोन वेगळे विषय आहेत, त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

या कोणत्याही योजनेत नागरिकाने वैयक्तिक अर्ज भरायचा नसतो. प्रस्ताव महापालिका, नगरपालिका किंवा राज्याचा विभाग करतो. ‘उद्यान योजनेत नाव घालून देतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

माती: सर्वांत महत्त्वाचा भाग

कारखान्याच्या आवारातली माती डोळ्यांना इतर मातीसारखीच दिसते. तिच्यावर गवत उगवते, पावसाळ्यात हिरवीगार होते, आणि ‘निसर्गाने जागा आपोआप साफ केली’ असा समज होतो. तो धोक्याचा आहे. जड धातू कुजत नाहीत आणि झिजतही नाहीत. ते मातीत राहतात, धुळीबरोबर उडतात आणि पाण्याबरोबर खाली उतरतात.

काय सापडेल हे कारखाना कशाचा होता यावर ठरते. चामडे कमावण्याच्या कारखान्यात क्रोमियम वापरतात. कापड गिरणीत रंग, भट्टीचे तेल, बॉयलरची राख आणि वाफेच्या नळांवर गुंडाळलेले ॲस्बेस्टॉस असू शकते. बॅटरी व रंगाच्या कारखान्यात शिसे असते. कोळशापासून गॅस काढण्याच्या कारखान्यात डांबरासारखा चिकट गाळ जमिनीत मुरलेला असतो. उत्तर प्रदेशात कानपूर देहातमधील रनिया येथे क्रोमियमच्या कचऱ्याच्या ढिगांमुळे भूजल खराब झाल्याचे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. भोपाळच्या बंद कारखान्याभोवतीच्या वस्त्यांना बाहेरून पिण्याचे पाणी आणून द्यावे लागले.

चांगला आराखडा मातीच्या तपासणीपासून सुरू होतो, आणि तपासणी आवाराच्या इतिहासापासून. तेलाची टाकी कोठे होती, रंगाचे पाणी कोणत्या नाल्यात सोडत, रात्रपाळीत गाळ कोठे टाकत, हे नकाशात नसते. ते जुन्या कामगारांना ठाऊक असते. आपण त्यांपैकी असाल तर ही माहिती लेखी स्वरूपात नगरपालिकेला व राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावी. त्यानंतर जागेवर चौकटी आखून ठरावीक अंतरावर आणि वेगवेगळ्या खोलीवर नमुने घेतले जातात, भूजलही तपासले जाते. फाटकाजवळची एकदोन ढेकळे उचलून केलेली चाचणी ही तपासणी नव्हे.

पुढे तीन मार्ग असतात. खूप दूषित माती खणून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात पाठवणे. जागेवरच प्रक्रिया करून विषाचे प्रमाण कमी करणे. किंवा चिकणमातीचा अथवा विशेष आवरणाचा थर देऊन ती झाकणे आणि वर स्वच्छ माती टाकणे. झाकणे सर्वांत स्वस्त, म्हणून तेच अधिक होते. त्यात गैर काही नाही, पण अटी आहेत. झाकलेल्या भागावर खोल मुळांची मोठी झाडे लावता येत नाहीत, कारण मुळे थर फोडतात. तेथे गवत, झुडपे किंवा फरसबंद मैदान योग्य. लहान मुलांचे खेळाचे अंगण आवारातील सर्वांत स्वच्छ मातीवर असले पाहिजे. आराखड्यात घसरगुंडी कोठे दाखवली आहे आणि अहवालात दूषित चौकटी कोणत्या आहेत, हे दोन नकाशे शेजारी ठेवून पाहावेत. यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही.

झाकून विषय संपतही नाही. अमेरिकेतील सिॲटल शहरात १९५६ मध्ये बंद पडलेल्या गॅस कारखान्याच्या जागेवर १९७५ मध्ये उद्यान खुले झाले. आराखडा रिचर्ड हाग यांचा होता आणि त्याचे मोठे कौतुक झाले. तरी १९८४ मध्ये तपासणीसाठी ते काही काळ बंद ठेवावे लागले. देखभालीच्या करारात माती व भूजलाची दरवर्षीची तपासणी आहे का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

आपल्या देशात यासाठी आता स्वतंत्र नियम आहेत. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम जुलै २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासन वा स्थानिक संस्था राज्य मंडळाकडे पाठवते. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करायची असते, आणि गरज असल्यास पुढील तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण. साफसफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यावा हे तत्त्व नियमांत आहे. खाणीमुळे झालेले प्रदूषण आणि कचरा डेपो यांना मात्र हे नियम लागू नाहीत.

तपासणीचा निकाल येईपर्यंत आपण घ्यायची काळजी: आवारातील विहीर किंवा बोअरचे पाणी पिऊ नये व स्वयंपाकाला वापरू नये. तेथे पालक, मुळा अशा भाज्या लावू नयेत. मुलांना मातीत खेळू देऊ नये, कारण शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो. पाडकाम सुरू असताना भंगार वेचायला जाणाऱ्यांनी जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे व नळांवरचे पांढरे आवरण हाताळू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसात राहते.

जुने काय ठेवायचे: ड्यूसबुर्गचा आराखडा

आता आराखड्याची पद्धत समजण्यासाठी एक परदेशी उदाहरण. उद्यान-रचना शिकवताना ते हमखास दिले जाते, आणि त्यातल्या काही गोष्टी आपल्याकडे सहज लागू पडतात. जर्मनीच्या रूर भागात ड्यूसबुर्ग शहरात लोखंडाचा मोठा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला. तो पाडायचा विचार होता, स्थानिक नागरिकांनी विरोध केला. १९९१ मध्ये आराखड्यासाठी स्पर्धा झाली आणि पीटर लात्स यांच्या संस्थेची निवड झाली. १९९४ मध्ये उद्यान खुले झाले. क्षेत्र सुमारे १८० हेक्टर, म्हणजे जवळपास ४५० एकर.

लात्स यांनी सगळे पाडून हिरवळ अंथरली नाही. झोतभट्टी तशीच उभी ठेवली आणि तिच्यावर चढून शहर पाहण्याची सोय केली. गॅस साठवण्याच्या गोल टाकीत पाणी भरून पाणबुड्यांचे प्रशिक्षण सुरू झाले. खनिज साठवण्याच्या काँक्रीटच्या जाड भिंती गिर्यारोहणाच्या सरावाला दिल्या. रेल्वेचे बांध चालण्याचे रस्ते झाले. पाडकाम टाळल्याने राडारोडा वाहून न्यायचा खर्च वाचला, नवे सिमेंट कमी लागले. सर्वांत दूषित मातीचा काही भाग जुन्या बंकरांतच बंद करून ठेवला, इतर ठिकाणी आपोआप उगवलेली झाडे वाढू दिली.

आवारातून एक लहान नदी वाहत होती. खरे तर ते उघडे गटारच होते. सांडपाणी जमिनीखालच्या बंद वाहिनीत घातले आणि वरच्या पात्रात फक्त छपरांवरचे व आवारातले पावसाचे स्वच्छ पाणी सोडले. आपल्या शहरांत ‘नाला सुशोभीकरण’ नावाखाली अनेकदा याच्या उलट होते: काठावर दिवे आणि बाक येतात, पात्रात सांडपाणी वाहतच राहते. सांडपाणी कोठे जाणार याची रेघ नकाशावर दाखवलेली नसेल तर ते सुशोभीकरणच समजावे.

या उद्यानात माहिती देणाऱ्यांमध्ये कारखान्याचे जुने कामगारही होते. आपल्याकडच्या निविदेत अशी तरतूद क्वचित असते. पण मागायला हरकत नाही. चिमणी कोणी बांधली, पाळीचा भोंगा केव्हा वाजायचा, हे सांगणारी माणसे अजून गावोगाव आहेत.

पाणी आणि झाडे

शहरात हल्ली प्रत्येक प्रकल्पात पाऊस जिरवण्याचे खड्डे दाखवतात. जुन्या औद्योगिक जमिनीवर ही चांगली गोष्ट वाईट ठरू शकते. दूषित थरातून पाणी जिरवले तर विष थेट भूजलात, म्हणजे आजूबाजूच्या हातपंपांत उतरते. म्हणून येथे छपरांचे व रस्त्यांचे पाणी आधी स्वच्छ भागात वळवावे लागते किंवा तळाला अस्तर दिलेल्या तळ्यात साठवावे लागते.

सिंचनासाठी पिण्याचे पाणी वापरणारे उद्यान टिकाऊ म्हणता येणार नाही, विशेषतः शेजारच्या वस्तीत दिवसाआड नळ येत असेल तर. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे प्रक्रिया केलेले पाणी झाडांना चालते. त्या नळांवर ‘पिण्यास अयोग्य’ असे स्थानिक भाषेत लिहिलेले असावे.

विस्तीर्ण हिरवळ फोटोत छान दिसते, पण ती पाणी पिते आणि उन्हाळ्यात सावली देत नाही. स्थानिक झाडे परवडतात. कडुनिंब आणि करंज हलक्या जमिनीतही तग धरतात. ओल असलेल्या भागात अर्जुन, उताराची माती धरायला वाळा. फळझाडे मात्र माती स्वच्छ असल्याची खात्री झाल्यावरच. गुरुग्राममध्ये खाणींनी उखडलेल्या सुमारे ३८० एकर जागेवर २०१० पासून अरवलीतील स्थानिक प्रजाती लावून जैवविविधता उद्यान उभे राहिले. महाराष्ट्रात धारावीला लागून मिठी नदीकाठी, पूर्वी शहराचा कचरा जिथे टाकला जाई त्या ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, ते १९९४ मध्ये खुले झाले. या दोन्ही जागा कारखान्याच्या नव्हेत, पण उजाड जमिनीवर स्थानिक झाडांचे जंगल वाढते हे तेथे जाऊन पाहता येते.

फाटक, हातगाडी आणि रोजगार

उद्यानाचे फाटक मुख्य रस्त्याकडेच ठेवले आणि वस्तीच्या बाजूला उंच भिंत घातली, तर ज्यांच्या घराजवळ ते आहे त्यांनाच वळसा पडतो. वस्तीच्या बाजूला फाटक, पहाटे व संध्याकाळी उघडे राहण्याची वेळ, मोफत स्वच्छतागृह आणि रस्त्यावर दिवे, या मागण्या आराखड्याच्या टप्प्यावर फुकट असतात. नंतर त्यासाठी भिंत फोडावी लागते आणि नवी निविदा निघते.

फाटकाशी आज विक्री करणाऱ्यांना पथविक्रेता अधिनियम, २०१४ चे संरक्षण आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही. हटवायचे किंवा दुसरीकडे बसवायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजी दिवसांत, ठरलेला दंड भरल्यावर परत करावा लागतो. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. उद्यानाच्या आराखड्यात विक्री क्षेत्र दाखवावे हा विषय या समितीत मांडावा. आपले नाव सर्वेक्षणात नसेल तर नगरपालिकेकडे शिफारसपत्रासाठी अर्ज करावा. पीएम स्वनिधी कर्जासाठीही तेच लागते. या योजनेत आता पहिला हप्ता १५,००० रुपयांपर्यंत, दुसरा २५,००० व तिसरा ५०,००० रुपयांपर्यंत आहे आणि मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आहे.

उद्यानाच्या बांधकामावर मजुरी करत असाल तर कामाचे दिवस लिहून ठेवावेत. वय १८ ते ६० आणि मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम, या अटीवर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी होते. दूषित माती खणण्याच्या कामावर हातमोजे, बूट व मास्क देणे ही कंत्राटदाराची जबाबदारी आहे. देखभालीच्या कामासाठी काही शहरांत ‘अमृत मित्र’ उपक्रमातून महिला बचत गटांना काम मिळते. आपला गट नोंदणीकृत असल्यास नगरपालिकेच्या शहरी उपजीविका कक्षात चौकशी करावी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माती तपासणीचा अहवाल दाखवत नाहीत. काय करावे?
माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. केंद्रीय कार्यालयांसाठी व बहुतेक राज्यांत शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते लागत नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. अर्जात चार गोष्टी नेमक्या मागाव्यात: नमुने कोठे व किती खोलीवर घेतले त्याचा नकाशा, प्रयोगशाळेचा निकाल, मंजूर आराखडा आणि देखभालीचा करार. ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले की अर्ज बहुधा अडकतो.

आम्ही आवाराच्या भिंतीला लागून झोपडीत राहतो. उद्यानासाठी आम्हाला हटवतील का?
याचे उत्तर राज्याच्या झोपडपट्टीविषयक कायद्यावर आणि जमीन कोणाच्या मालकीची आहे यावर ठरते. राज्यागणिक पात्रतेची तारीख वेगळी असते. वीजबिल, शिधापत्रिका, मतदार यादीतील नोंद, मुलांच्या शाळेचा दाखला यांच्या प्रती एकत्र ठेवाव्यात, आणि सर्वेक्षण पथक आल्यावर घरी कोणी तरी प्रौढ व्यक्ती असेल असे पाहावे. कुलूपबंद घराची नोंद राहून जाते. मोफत कायदेशीर मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

मी महाराष्ट्राबाहेर राहतो. अर्ज मराठीत चालेल का?
माहिती अधिकाराचा अर्ज हिंदी, इंग्रजी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. लिहिता येत नसेल तर जन माहिती अधिकाऱ्याने तोंडी विनंती लिहून घेण्यास मदत करावी अशी कायद्यात तरतूद आहे. इंदूर, वडोदरा, बेळगाव किंवा हैदराबाद येथे राहत असाल तर कार्यालयांची व समित्यांची नावे वेगळी असतील, या लेखातील केंद्रीय कायदे व योजना मात्र त्याच आहेत.

उद्यान झाल्यावर प्रवेश शुल्क लावता येते का?
नगरपालिका ठराव करून लावू शकते. त्या ठरावाआधी ज्येष्ठ नागरिक, मुले आणि पहाटे फिरायला येणारे रहिवासी यांना सूट मागता येते. ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद आहे. निवेदन तेथे द्यावे व इतिवृत्तात त्याची नोंद झाल्याची प्रत मागून घ्यावी.